संमीलनाचे वीजबिल

१९ युनिट. चुंबकांनी कोंडलेल्या प्लाझ्मातून माणसाने एका प्रयोगात आजवर काढलेली सर्वांत जास्त संमीलन-ऊर्जा एवढी आहे. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या कलहॅम येथील ‘जेट’ या यंत्राने ५.२ सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली. वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, तेव्हा भागाकार केला की १९ येतात. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला हे पाच-सहा दिवस पुरले असते. ‘असते’ म्हणायचे, कारण ही सगळी उष्णता होती. तिची वीज करण्याची सोय त्या यंत्रात नव्हतीच. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, चाळीस वर्षे चालून, जेट कायमचे बंद झाले.

आता दुसरी बाजू. या १९ युनिटांसाठी इंधन जळाले ०.२१ मिलिग्रॅम. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन भावंडांच्या एका ग्रॅम मिश्रणातून सुमारे ९४,००० युनिट उष्णता निघते. चांगल्या प्रतीचा दगडी कोळसा घेतला तर तेवढ्यासाठी अकरा-बारा टन लागतील. सत्तर वर्षे शास्त्रज्ञ या ऊर्जेच्या मागे का लागले आहेत, हे या एका आकड्यात कळते. ती अजून घरी का आली नाही, हे समजायला मात्र बरेच आकडे मांडावे लागतात. त्यातले काही आकडे बातम्यांत येतात ते अर्धेच येतात.

उदाहरणार्थ, डिसेंबर २०२२ ची ती गाजलेली बातमी. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसर किरणांनी इंधनाच्या दोन मिलिमीटरच्या गोळीवर मारा केला. आत गेले २.०५ मेगाज्यूल, बाहेर आले ३.१५. ‘दिले त्यापेक्षा जास्त मिळाले’ असे मथळे जगभर झळकले. गणित खरे होते, फक्त ‘दिले’ याचा अर्थ गोळीवर पडलेला प्रकाश एवढाच होता. तो प्रकाश तयार करायला भिंतीतल्या तारेतून सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खेचली गेली. म्हणजे ८३ युनिट खर्चून पाऊण युनिटाच्या थोडी वर उष्णता हाती आली. एप्रिल २०२५ पर्यंत त्याच प्रयोगशाळेने उत्पन्न ८.६ मेगाज्यूलवर नेले. गोळीवर पडलेल्या प्रकाशाच्या चौपटीहून ते जास्त आहे आणि तीन वर्षांपेक्षा कमी काळात झालेली ही झेप मोठीच म्हणायला हवी. पण वीजबिलाच्या भाषेत ते २.४ युनिट, आणि खर्चाचा रकाना तसाच.

इथे लिव्हरमोरवर अन्याय करायचा नाही. तिथले लेसर नव्वदच्या दशकातल्या आराखड्यावर उभे आहेत. विजेचे प्रकाशात रूपांतर होताना टिकते ते एक टक्क्याहूनही कमी. आजच्या डायोड लेसरांना दहा टक्क्यांच्या वर जाता येते. शिवाय हे केंद्र मुळात अण्वस्त्रांच्या अभ्यासासाठी बांधलेले आहे, वीजनिर्मिती हे त्याचे काम नाही. खरी अडचण गोळीच्या किमतीत आहे. १,००० मेगावॅटचे लेसर वीजकेंद्र डोळ्यांपुढे आणा. त्याला सुमारे २,५०० मेगावॅट उष्णता हवी. सेकंदाला दहा बार उडवायचे म्हटले तर प्रत्येक बारातून २५० मेगाज्यूल निघायला हवेत, म्हणजे आजच्या विक्रमाच्या २९ पट. त्यातून वीज मिळेल २८ युनिट. घाऊक बाजारात युनिटला तीन रुपये धरले, तर एका बाराची कमाई ८४ रुपये. त्यातूनच लेसरची वीज, यंत्रांची देखभाल, कर्जाचे हप्ते आणि गोळीची किंमत भागवायची. गोळीच्या वाट्याला फार तर दहा-पंधरा रुपये येतील. आज हिऱ्याचे कवच असलेली, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून बनवलेली एक गोळी हजारो डॉलरना पडते. आणि लागणार किती? दिवसाला ८,६४,०००. मला तरी लेसरच्या वाटेतला सर्वांत अवघड आकडा हाच वाटतो, आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

मुळात एवढा आटापिटा कशासाठी? सूर्य हे काम विनासायास करतो, असे आपण शाळेत शिकलो. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी अंश आहे आणि तिथल्या एका घनमीटरमधून निघणारी शक्ती ३०० वॅटही भरत नाही. घरातले चार पंखे जेमतेम फिरतील इतकी. सूर्य अवाढव्य आहे म्हणून त्याला हे परवडते. पृथ्वीवरच्या यंत्राला परवडायचे तर तापमान सूर्याच्या दहापट, १५ कोटी अंशांपर्यंत न्यावे लागते. त्या तापमानाला पदार्थ प्लाझ्मा होतो आणि कोणत्याही भांड्यात तो ठेवता येत नाही, चुंबकीय क्षेत्रात तरंगत ठेवावा लागतो. रशियन शास्त्रज्ञांनी त्यासाठी मेदूवड्याच्या आकाराचे यंत्र काढले, त्याला टोकामाक म्हणतात.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भाकीत केले की येत्या दोन दशकांत संमीलन-ऊर्जा नियंत्रितपणे मोकळी करण्याची पद्धत सापडेल. गंमत अशी की त्याच वर्षी हारवेल येथे जॉन लॉसन नावाचा इंग्रज अभियंता एक गोपनीय टिपण लिहीत होता. त्यात त्याने हिशोब मांडला की प्लाझ्माची घनता, तापमान आणि त्यात उष्णता टिकून राहण्याचा काळ, हे तिन्ही किती असले म्हणजे जमाखर्च जुळेल. आज या तिन्हींच्या गुणाकारावरच सगळ्या यंत्रांची प्रगती मोजतात. भाभांचे भाकीत चुकले, लॉसनचे समीकरण टिकले.

भाभा एकटेच आशावादी नव्हते. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटिशांनी ‘झीटा’ यंत्रात संमीलन साधल्याचे जाहीर केले आणि चार महिन्यांत दावा मागे घेतला. १९६८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी टी-३ टोकामाकमध्ये एक कोटी अंश गाठल्याचे सांगितले तेव्हा पश्चिमेत कोणी विश्वास ठेवेना. शेवटी १९६९ साली, ऐन शीतयुद्धात, कलहॅमचे पथक स्वतःचा लेसर तापमापक घेऊन मॉस्कोला गेले. सोव्हिएतांचा आकडा बरोबर निघाला. तिथून पुढची तीन दशके विलक्षण वेगाची होती. लॉसनचा तो गुणाकार सुमारे दहा हजार पटींनी वाढला, संगणकाच्या चिपशी स्पर्धा करील अशा गतीने. १९९७ मध्ये जेटने २४ मेगावॅट उष्णता देऊन १६ मेगावॅट संमीलन-शक्ती मिळवली. लॉसनच्या गुणाकारात उरलेले अंतर पाच-सहा पटींचे होते.

आणि तिथे आलेख आडवा झाला. निसर्गाने दगा दिला असे काही झाले नाही. पुढचे यंत्र जेटहून बरेच मोठे लागणार होते, आणि ते एकट्या देशाला परवडणारे नव्हते. म्हणून फ्रान्समध्ये कादाराश येथे ‘इटर’ उभारायचे ठरले. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार. करारावर सह्या झाल्या नोव्हेंबर २००६ मध्ये. त्या वेळी पहिला प्लाझ्मा २०१६ साली, म्हणजे दहा वर्षांनी येणार होता. २०१६ साल उगवले तेव्हा नवी तारीख २०२५, नऊ वर्षांनी. जुलै २०२४ मध्ये जाहीर झाले की प्रयोग २०३४ मध्ये सुरू होतील, पुन्हा दहा वर्षांनी. खरे इंधन घालून चालवणे २०३९ मध्ये. नव्या वेळापत्रकात सुरुवातीलाच अधिक पूर्ण यंत्र असेल, हे मान्य. तरीही अठरा वर्षांत अंतर दहाचे दहाच राहिले. सुरुवातीचा अंदाज सुमारे ५ अब्ज युरोंचा होता. आता २० अब्जांच्या पुढे गेलेल्या खर्चात आणखी ५ अब्जांची भर पडणार आहे. मोठ्या सुट्या भागांची मापे एकमेकांशी जुळली नाहीत, थंड करणाऱ्या नळ्यांना चिरा पडल्या, मधे करोना आला.

या यंत्रात भारताचा वाटा सुमारे नऊ टक्के आहे, आणि तो बहुतांश वस्तूंच्या रूपात. संपूर्ण टोकामाक ज्याच्या पोटात बसते ते पोलादी शीतपात्र, सुमारे ३० मीटर उंच, ३० मीटर रुंद आणि ३,८५० टन वजनाचे, लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळच्या हजिरा कारखान्यात बनवले. भारताने आपले हे काम पूर्ण केले.

इटरचा गाजलेला आकडा म्हणजे ‘दहापट’. ५० मेगावॅट उष्णता प्लाझ्मात घालायची आणि ५०० मेगावॅट मिळवायची. इथेही भाजकाकडे नीट पाहावे. तापवणाऱ्या यंत्रणा खेचलेल्या विजेतला तिसरा हिस्सा, फार तर निम्मा, प्लाझ्मापर्यंत पोहोचवतात. म्हणजे ५० मेगावॅटसाठी १०० ते १५० मेगावॅट वीज. चुंबके शून्याखाली २६९ अंशांवर ठेवणे, पंप, निर्वात यंत्रणा यांचे वेगळे. प्रकल्पाची स्थिर गरजच सुमारे ११० मेगावॅटची आहे. उलट मिळालेल्या ५०० ची वीज केली असती तर हाती २०० मेगावॅट आली असती. जमा आणि खर्च जेमतेम बरोबरीत, कदाचित तोट्यात. इटर वीज करणारच नाही, सगळी उष्णता शीतमनोऱ्यांतून हवेत सोडली जाईल, आणि तसे त्याच्या आराखड्यात पहिल्यापासून आहे. वीजकेंद्र म्हणून उभे राहायचे तर ‘दहापट’ पुरत नाही, पंचवीस-तीसपट लागते.

आशेला जागा देणारा एक आकडा आहे, तो चुंबकांचा. प्लाझ्मातून मिळणारी शक्ती चुंबकीय क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढते. क्षेत्र दुप्पट केले की शक्ती सोळापट. इटरमध्ये प्लाझ्माच्या मध्याशी ५.३ टेस्ला क्षेत्र असेल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील डेव्हन्स येथे कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी उभारत असलेल्या ‘स्पार्क’मध्ये ते १२.२ टेस्ला असेल. गुणोत्तराचा चौथा घात काढला तर २८. म्हणून इटरच्या प्लाझ्मा-कड्याची त्रिज्या ६.२ मीटर आणि स्पार्कची १.८५ मीटर असूनही कंपनी त्याच प्रतीच्या गुणाकाराची आशा धरते. हे शक्य झाले ते नव्या अतिसंवाहक फितीमुळे. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी २६७ किलोमीटर फीत गुंडाळून केलेल्या चुंबकाने २० टेस्ला गाठले. माझ्या मते या शतकातली संमीलनाची सर्वांत महत्त्वाची घटना तीच, लेसरची बातमी तिच्यानंतर. स्पार्क २०२७ मध्ये चालू करण्याचे उद्दिष्ट आहे. त्यापुढच्या व्हर्जिनियातील ४०० मेगावॅटच्या केंद्राची निम्मी वीज घेण्याचा करार गुगलने २०२५ मध्येच करून टाकला.

पैसाही आला आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत ५३ खासगी संमीलन कंपन्यांत मिळून जवळपास ९.८ अब्ज डॉलर गुंतले होते. रक्कम मोठी दिसते, पण जग सौरऊर्जेवर वर्षाला सुमारे ५०० अब्ज डॉलर लावते. म्हणजे संमीलनातली आजवरची सगळी खासगी गुंतवणूक ही सौरऊर्जेची एका आठवड्याची उलाढाल. या खासगी कंपन्यांतल्या ‘हेलियन’ने मायक्रोसॉफ्टला २०२८ पासून वीज देण्याचा करार केला आहे. मला ती तारीख पटत नाही. २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिनसारख्या बड्या कंपनीने ट्रकवर मावेल अशी संमीलन-भट्टी दहा वर्षांत आणू म्हटले होते. ती दहा वर्षे केव्हाच संपली.

समजा, हे सगळे जमले. प्लाझ्मा टिकला, चुंबके टिकली. तरी इंधन कुठून आणणार? ‘समुद्राच्या पाण्यातून’ हे उत्तर अर्धे खरे आहे. एका घनमीटर समुद्राच्या पाण्यात ३३ ग्रॅम ड्युटेरियम असते आणि ते वेगळे काढण्याची विद्या आपल्याला ठाऊक आहे, रायगड जिल्ह्यातल्या थळला जड पाण्याचा कारखानाच आहे. प्रश्न दुसऱ्या भावंडाचा, ट्रिटियमचा. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे. तिजोरीत ठेवले तरी दर वर्षी साडेपाच टक्के नाहीसे होते. निसर्गात ते नगण्य सापडते. जगातला नागरी साठा सुमारे २५ किलो, आणि तो मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून, वर्षानुवर्षे थेंबथेंब गोळा केलेला.

आता मागणी पाहू. १,००० मेगावॅट संमीलन-उष्णता वर्षभर हवी असेल तर ५६ किलो ट्रिटियम जळते. १,००० मेगावॅट वीज हवी असेल तर जवळपास १४० किलो. जगातला सगळा साठा एका केंद्राला दोन महिने पुरणार. किंमत ग्रॅमला ३०,००० डॉलर, म्हणजे पंचवीस लाख रुपये धरली तर नुसत्या इंधनाचा खर्च युनिटमागे चाळीस रुपयांवर जातो. अर्थात असे विकत घेऊन कोणी चालवणार नाही. ट्रिटियम भट्टीतच पिकवायचे, प्लाझ्माभोवती लिथियमचे अस्तर लावून. संमीलनातून निघालेला न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की ट्रिटियम तयार होते. पण इथे हिशोब घासाघिशीचा आहे. एक ट्रिटियम जळते तेव्हा न्यूट्रॉनही एकच सुटतो. वाटेत थोडे वाया जाणार, थोडे ट्रिटियम विघटनात जाणार, पुढच्या केंद्रासाठी बियाणे म्हणून थोडे शिल्लक हवे. म्हणून जळलेल्या शंभरामागे १०५ ते ११५ पिकले पाहिजेत, त्यासाठी शिसे किंवा बेरिलियम घालून न्यूट्रॉन वाढवावे लागतात. असे संपूर्ण अस्तर जगात कुठेही, एकदाही, चालवून पाहिलेले नाही.

त्या न्यूट्रॉनांचा दुसरा उपद्रव भिंतींना. संमीलनातली ऐंशी टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातो आणि आजच्या अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनपेक्षा त्याचा वेग फार जास्त असतो. त्या माऱ्याखाली पोलाद ठिसूळ होते, फुगते. किती वर्षांत भिंत बदलावी लागेल ते कळावे म्हणून स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ एक खास चाचणी केंद्र उभारले जात आहे. हा धातुशास्त्राचा किरकोळ प्रश्न वाटेल, पण विजेचा दर इथेच ठरतो. मानून चालू की १,००० मेगावॅटचे केंद्र ५०,००० कोटी रुपयांत झाले आणि भांडवलाचा बोजा वर्षाला दहा टक्के, म्हणजे ५,००० कोटी. केंद्र वर्षातला ८५ टक्के वेळ चालले तर युनिटमागे ६ रुपये ७० पैसे नुसत्या भांडवलाचे. भिंती बदलण्यात निम्मा वेळ गेला तर ११ रुपये ४० पैसे. आपल्याकडे सौरविजेचे लिलाव अडीच रुपयांच्या आसपास उतरतात. इंधन फुकट असण्याचे कौतुक इथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण इंधनाचा खर्च या बिलात मुळातच बारीक आहे.

मग कधी? उदार होऊन धरू की पहिले ४०० मेगावॅटचे केंद्र २०३५ मध्ये जाळ्याला जोडले गेले आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी क्षमता दुप्पट झाली. २०५० मध्ये जगात १२,८०० मेगावॅट संमीलन-वीज असेल. २०२४ या एका वर्षात जगाने सुमारे ६ लाख मेगावॅट सौरक्षमता उभारली. सूर्य रात्री नसतो, पावसाळ्यात रुसतो, हे जमेस धरूनही संमीलनाची ती पंधरा वर्षांची कमाई सौरऊर्जेच्या दीड महिन्याच्या कामाएवढी भरते. तेव्हा २०५० पर्यंत कोळसा कमी करायच्या हिशोबात संमीलनाला धरू नये. २०५० नंतरच्या जगात, जिथे जमीन कमी आणि पोलाद-सिमेंटच्या भट्ट्यांना अखंड उष्णता हवी, तिथे त्याला जागा आहे. त्यासाठीचे काम मात्र आताच व्हायला हवे, कारण शिकायला लागणारी वर्षे पैशाने फार कमी होत नाहीत.

भारतात हे काम गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालते. ‘आदित्य’ हे स्वदेशी टोकामाक तिथे १९८९ मध्ये सुरू झाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये मांडलेल्या आराखड्यात ‘एसएसटी-भारत’ नावाचे १३० मेगावॅटचे यंत्र आहे, अंदाजे खर्च २५,००० कोटी रुपये. त्यातले १०० मेगावॅट संमीलनाचे नसून विखंडनाचे असतील. संमीलनाने न्यूट्रॉन पुरवायचे आणि ऊर्जा बहुतांश युरेनियम-थोरियमच्या घराण्याकडून घ्यायची. २०६० पर्यंत २५० मेगावॅटचे प्रात्यक्षिक केंद्र, असे पुढचे उद्दिष्ट. ही जोडवाट मला प्रामाणिक वाटते, जरी ती किरणोत्सारी कचऱ्याचा जुना प्रश्न बरोबर घेऊन येते.

तरीही २५,००० कोटी हाती असतील तर मी त्यातला मोठा वाटा टोकामाकऐवजी ट्रिटियमवर लावीन. जड पाण्याच्या अणुभट्ट्या चालवणारे देश जगात मोजके आहेत आणि भारत त्यांतला आघाडीचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरचे तिसरे आणि चौथे संच त्याच जातीचे. अशा भट्ट्यांच्या जड पाण्यात ट्रिटियम आपोआप साचत जाते. ते काढणे, साठवणे, गळू न देणे आणि लिथियमच्या अस्तरात पिकवून पाहणे, या कामात अमेरिकी कंपन्या अजून कच्च्या आहेत. प्लाझ्माची शर्यत कोणी का जिंकेना, २०४० नंतर त्यांतल्या बहुतेकांना सुरुवातीच्या बियाण्यापुरते तरी ट्रिटियम विकत घ्यावे लागणार आहे.